घानाचा स्वातंत्र्यदिन

पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाचा राष्ट्रीय दिन. ‘गोल्ड कोस्ट’ ही ब्रिटिश वसाहत ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाली, म्हणून तो दरवर्षी ६ मार्चला असतो. सहाराच्या दक्षिणेस वसाहतवादातून सुटलेला पहिला देश असा घानाचा लौकिक आहे. सुदान वर्षभर आधीच सुटला होता. पण तेथे इंग्लंड-इजिप्तचा संयुक्त अंमल असल्याने तो सहसा वेगळा धरतात.

तारीख जुनीच. ६ मार्च १८४४ रोजी किनाऱ्यावरच्या फांटे जमातीच्या सरदारांनी करार करून न्यायदानाचे काही अधिकार इंग्रजांना दिले होते. बरोबर ११३ वर्षांनी हिशेब मिटला.

लढ्याला धार आली ती २८ फेब्रुवारी १९४८ या दिवशी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांसाठी लढलेले माजी सैनिक आपल्या मागण्यांचा अर्ज घेऊन राजधानी अक्रात गव्हर्नरच्या किल्ल्याकडे निघाले. वाटेत पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अजेटे, अटिपो आणि ओडार्टे लँप्टी हे तिघे पडले आणि शहर पेटले. पुढे देशाचे पहिले पंतप्रधान झालेल्या क्वामे न्क्रुमांसह सहा पुढाऱ्यांना अटक झाली. तेच पुढे ‘बिग सिक्स’. न्क्रुमांनी १९५० मध्ये छेडलेल्या संप-बहिष्काराच्या आंदोलनावर गांधीजींची छाप उघड दिसते. त्यात ते तुरुंगात गेले आणि १९५१ची निवडणूक तुरुंगात बसूनच जिंकले.

५ मार्च १९५७च्या मध्यरात्री अक्राच्या जुन्या पोलो मैदानावर न्क्रुमा उभे राहिले ते सुटाबुटात नव्हे, तर ‘फुगू’ घालून. हातमागाच्या पट्ट्या जोडून शिवलेला हा सैल अंगरखा मूळ उत्तर घानाचा. टोपीवर ‘पीजी’ अशी अक्षरे होती, म्हणजे ‘प्रिझन ग्रॅज्युएट’! आफ्रिका संपूर्ण मुक्त झाल्याखेरीज आमच्या स्वातंत्र्याला अर्थ नाही, असे त्यांनी त्या रात्री सांगितले. ऐकणाऱ्यांत मार्टिन ल्यूथर किंगही होते. थिओडोशिया ओको या शिक्षिकेने रेखलेला लाल, सोनेरी, हिरवा आणि मधोमध काळा तारा असलेला झेंडा तेव्हा वर चढला.

मुख्य सोहळा अनेक वर्षे अक्राच्या ब्लॅक स्टार चौकात होई. सैन्यदलांच्या बरोबरीने गणवेशातली शाळकरी मुले संचलन करतात आणि राष्ट्राध्यक्ष मानवंदना घेतात. आठवडाभर आधी, २८ फेब्रुवारीला, त्या तीन सैनिकांना पुष्पचक्र वाहिले जाते. २०१९ मध्ये हा सोहळा प्रथमच राजधानीबाहेर गेला, तो तामालेला: उत्तर घानात, फुगूच्या मुलखात.