भायरचा की आतलं? भयपट आणि मानसशास्त्रीय थरारपट

"गो, तिका भायरचा लागलाहा," काकी पहिल्या अर्ध्या तासातच म्हणाली. मालवणचं घर, बाहेर धो धो पाऊस, आणि ओटीवर लॅपटॉपवर लावलेला 'ब्लॅक स्वान' हा चित्रपट. पडद्यावरची नीना ही न्यूयॉर्कमधली बॅले नर्तिका. समोरून येणाऱ्या बाईच्या जागी तिला स्वतःचाच चेहरा दिसला होता.

काकीचं काही चुकलं नाही. आमच्याकडे माणूस असा वागू लागला की पहिली शंका बाधेचीच येते. शिवाय आरसे, अंधारे बोळ, ओरखडे, रक्त हे सगळं भयपटातही असतं आणि मानसशास्त्रीय थरारपटातही. भांडी तीच, कालवण वेगळं.

भयपटात भीती बाहेर असते आणि तिला पत्ता असतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाचं नाव घेतलेला 2018 चा 'तुंबाड' आठवा. त्यातला राक्षसी हस्तर कुठे आहे ते ठाऊक आहे, त्याला काय हवं ते ठाऊक आहे, आणि पिठाच्या रिंगणात बसलात तर तो शिवू शकत नाही. नायक विनायकाची हाव त्याच्या आतली, पण हस्तर मात्र त्याच्या मुलालाही दिसतो. आपल्या गजालींमधल्या, गावाची राखण करणाऱ्या देवचाराचंही तसंच. त्याची हद्द असते, वाट असते, त्याला रोट देता येतो, गाऱ्हाणं घालता येतं.

नीनाला गाऱ्हाणं घालायला कुणी नाही.

दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर मी एकच गोष्ट बघते: दुसरा साक्षीदार आहे का? 'ब्लॅक स्वान'मध्ये एका मेजवानीत नीना स्वच्छतागृहात बोटाजवळचं सालपट ओढते आणि कातडी लांबपर्यंत सोलत जाते. दारावर थाप पडते. ती बोट पाहते तर धड आहे. पुढे लिली या दुसऱ्या नर्तिकेसोबत घालवलेली अख्खी रात्र ती आठवते आणि लिली म्हणते, मी तुझ्याकडे आलेच नव्हते. दिग्दर्शक डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्कीने कॅमेरा बराच वेळ नीनाच्या पाठीला चिकटवून ठेवलाय. आपण तिच्याच मागून चालतो आणि तिला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. आपली फसगत तिथेच होते. भयपट आपल्याला भूत दाखवतो, हा चित्रपट आपल्या डोळ्यांवरचाच भरवसा काढून घेतो.

मधला गडगा तसा उंच नाही. या चित्रपटाला भयपट म्हणणारेही आहेत आणि दचकवायच्या जागा त्यात भरपूर आहेत. तरी मला तो शब्द पटत नाही. भूत म्हटलं की दोष भुताचा होतो, आणि नीनाला जे पोखरतं त्याचं तर आपण कौतुक करतो. चोख, बिनचूक, एक बोटही इकडचं तिकडे नाही.

चित्रपटात नीना ज्या बॅलेत नाचते ते संगीतकार चायकोव्हस्कीचं 'स्वान लेक' 1877 मध्ये मॉस्कोत पहिल्यांदा रंगमंचावर आलं. त्यातली निरागस ओडेट आणि भुलवणारी ओडिल या दोन्ही भूमिका बहुधा एकच नर्तिका करते, इथे नीना. नीनाची ओडेट निर्दोष आहे. ओडिलसाठी स्वतःला मोकळं सोडावं लागतं, आणि तेच तिला जमत नाही. हे बघताना मला आमचे दशावतारी आठवले. लिहिलेली संहिता नाही, आख्यान ठरलं की पात्रं उभ्या उभ्या संवाद रचतात, समोरचा काय बोलेल त्यावर आपलं वाक्य. तिथे एखादा शब्द चुकला तर खेळ पुढे जातो. नीनाच्या जगात चुकायला जागाच ठेवलेली नाही. नॅटली पोर्टमनने ही घुसमट मानेच्या शिरांपर्यंत दाखवली. 2011 मध्ये तिला त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं.

आता साक्षीदाराचीच कसोटी नीनाच्या खांद्यावरच्या ओरखड्यांना लावा. पुढे त्या जागी काळी पिसं उगवताना दिसतात, ती फक्त तिला आणि आपल्याला. ओरखडे मात्र आईलाही दिसतात. म्हणजे ते खरे आहेत, तिने स्वतःच काढलेले. आई तिला धरून कात्रीने नखं कापते, इतकी करकचून की बघताना आपण आपली बोटं मिटून घेतो. सबंध चित्रपटात मला सर्वांत जास्त भीती वाटली ती याच प्रसंगात. इथे भास काहीच नाही. एक मोठी झालेली मुलगी आहे आणि तिची नखं कापणारी आई आहे.

चित्रपट संपला तेव्हा पाऊस थोडा ओसरला होता. शेवट मी इथे सांगत नाही. काकी बराच वेळ गप्प होती. बाधेचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

"आवशीक दिसत होता मा सगळा?" तिने विचारलं.

मी मागे नेऊन तो नखांचा प्रसंग तिला परत लावून दिला.