चहा देणारे स्वयंसेवक

घरात एकटं माणूस उरलं की शेजारची बाई आपल्या मुलाला सांगते, 'आज काकूंकडे झोपायला जा, सोबतीला.' मुलाने तिथे काही करायचं नसतं, नुसतं असायचं. एकाकी माणसाशी मैत्री करणं ही ख्रिस्ती सेवा कशी ठरली, याचा इतिहास पाहताना मला हा 'सोबतीला' शब्दच सर्वांत जवळचा वाटतो. ब्रिटनमध्ये या कामाला 'बिफ्रेंडिंग' म्हणतात. त्याला आजचं रूप मिळालं ते लंडनमधल्या एका चर्चच्या फोनवर, 1953 साली.

मूळ अर्थातच बरंच जुनं आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा विचारतो त्या गोष्टी साध्या आहेत : भुकेल्याला खायला दिलं का, परक्याला घरात घेतलं का, आजाऱ्याच्या समाचाराला गेलात का, तुरुंगात भेटायला आलात का. यातल्या शेवटच्या दोन कामांत हाताने द्यायचं काहीच नसतं, फक्त जायचं असतं. चर्चने हे काम पुढे पाळकावर सोपवलं. इंग्लंडच्या चर्चच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात आजाऱ्याच्या भेटीसाठी वेगळा विधीच आहे. पण विधी आला की शब्द आले. पाळक बोलणार आणि आजारी ऐकणार, अशीच त्याची घडण झाली.

त्याच पुस्तकात दुसरी एक कठोर सूचना होती : ज्याने स्वतःचा जीव घेतला, त्याच्यासाठी दफनविधी म्हणायचा नाही. सर्वांत एकाकी झालेल्या माणसाला चर्चने मरणानंतरही बाहेर ठेवलं होतं. ही बाजू विसरून पुढचा भाग समजणार नाही.

चाड वारा हे अँग्लिकन, म्हणजे याच इंग्लंडच्या चर्चचे पाळक. 1935 साली ते लिंकन शहरात धर्मसेवेत नवे होते, तेव्हा 14 वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी त्यांच्या वाट्याला आला. तिला पाळी सुरू झाली होती. आपल्याला लाजिरवाणा रोग झाला आहे असं तिला वाटलं आणि तिने आयुष्य संपवलं. विचारायला तिला एकही माणूस नव्हता. वारा ही गोष्ट आयुष्यभर सांगत राहिले. आधी त्यांनी तरुणांशी शरीर आणि लैंगिकता याविषयी मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली. त्या काळातल्या पाळकासाठी ते धाडसच होतं.

मधे 18 वर्षं गेली. 1953 मध्ये त्यांना लंडनच्या जुन्या व्यापारी पेठेतलं सेंट स्टीफन वॉलब्रूक हे चर्च मिळालं. वास्तुरचनाकार क्रिस्टोफर रेन यांनी उभारलेलं हे देखणं चर्च, पण आसपास कचेऱ्याच कचेऱ्या आणि राहणारी वस्ती जवळजवळ नाही. त्यामुळे पाळकाकडे वेळ होता. आग लागली, चोर आला तर 999 फिरवता येतो, मग जगणं नकोसं झालेल्याने कोणता नंबर फिरवायचा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी चर्चचाच फोन, मॅन्शन हाऊस 9000, जाहीर केला. 2 नोव्हेंबर 1953 ला पहिला फोन आला. डिसेंबरात 'डेली मिरर' या वृत्तपत्राने या कामाला बायबलमधल्या दयाळू शोमरोन्याचं, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या प्रवाशाचं, नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं : 'समॅरिटन्स'.

खरी कलाटणी मात्र वारा यांच्या योजनेत नव्हती. लोक प्रत्यक्षही येऊ लागले आणि बाहेर ताटकळू लागले. पाळकसाहेब मोकळे होईपर्यंत त्यांना चहा द्यायला, जवळ बसायला काही साधे स्वयंसेवक होते. हळूहळू लक्षात आलं की चहा घेता घेता मन मोकळं केल्यावर पुष्कळांना आत जाण्याची गरजच उरत नाही. तज्ज्ञ आत होता आणि काम बाहेर होत होतं! फेब्रुवारी 1954 मध्ये वारा यांनी ऐकण्याचं काम या स्वयंसेवकांच्या हाती दिलं. स्वयंसेवक निवडणं आणि घडवणं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. मला यात त्यांचं मोठेपण दिसतं, कारण आपल्याशिवाय काम अधिक चांगलं होतं हे मान्य करणं धर्मगुरूला सोपं नसतं.

नियमही तिथेच ठरत गेले. फोन करणाऱ्याला उपदेश करायचा नाही, धर्म सांगायचा नाही, त्याचं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही. गुप्ततेला तर कायद्याचंही कारण होतं : इंग्लंडमध्ये 1961 पर्यंत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता. मन मोकळं करायचं तर पोलिसांची भीती जायला हवी होती.

धर्म सांगायचा नाही, मग ही श्रद्धेची अभिव्यक्ती कशी, असं काही ख्रिस्ती मंडळी तेव्हाही विचारत आणि आजही विचारतात. मी त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचा 10वा अध्याय, त्याच शोमरोन्याची गोष्ट, पुन्हा वाचायला सांगेन. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाशी शोमरोनी एक शब्दही बोललेला तिथे लिहिलेला नाही. तो जखमा बांधतो, तेल-द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवतो. बोलतो ते फक्त उतारशाळेच्या मालकाशी, आणि तेही खर्चाबद्दल.

इतर चर्चेसही याच वाटेने येत होती. साल्व्हेशन आर्मीने 1907 मध्येच लंडनमध्ये आत्महत्या रोखण्यासाठी कचेरी उघडली होती. सिडनीत मेथॉडिस्ट पाळक ॲलन वॉकर यांनी 1963 मध्ये 'लाइफलाइन' सुरू केली. 1974 मध्ये या धाटणीच्या देशोदेशीच्या केंद्रांसाठी 'बिफ्रेंडर्स इंटरनॅशनल' उभी राहिली.

भारतात आल्यावर या कामाचा धर्माशी असलेला धागा दिसेनासा झाला, पद्धत मात्र टिकली. चेन्नईत मानसोपचारतज्ज्ञ लक्ष्मी विजयकुमार यांनी 1986 मध्ये 'स्नेहा' सुरू केली. मुंबईत 'समॅरिटन्स' आहे, पुण्यात 'कनेक्टिंग' आहे. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या, भारतीय दंड संहितेच्या कलम 309 ची भीती इथेही होतीच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती बरीच कमी केली आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम आलंच नाही. आता सरकारची 'टेली मानस' ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते.

चाड वारा 2007 मध्ये वारले, 95 वर्षांचे होऊन. तो जुना फोन वॉलब्रूकच्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत ठेवलेला आहे. ते तिथे पाळक असतानाच, 1987 मध्ये, चर्चच्या मधोमध शिल्पकार हेन्री मूर यांनी घडवलेली दगडाची गोल वेदी बसवण्यात आली. लोक तिच्याभोवती बसतात आणि समोर पाहिलं की एकमेकांचे चेहरे दिसतात.