अनडिफाइन्ड व्हेरिएबल (पीएचपी)

पीएचपी या वेब-प्रोग्रामिंग भाषेच्या स्क्रिप्टमध्ये किंमत न देताच एखादे व्हेरिएबल (किंमत साठवणारे नाव) वाचले, की ‘अनडिफाइन्ड व्हेरिएबल’ ही सूचना फाइलचे नाव आणि ओळ क्रमांकासह येते. स्क्रिप्ट मात्र थांबत नाही. त्या जागी नल (‘किंमत नाही’ अशी खूण) धरून पुढे चालते. बेरजेत नल म्हणजे शून्य, मजकुरात रिकामी स्ट्रिंग, अटीत फॉल्स (असत्य). त्यामुळे पान नीट उघडते आणि बिलाची रक्कम चुकलेली असते. खरा धोका हा आहे, सूचना नव्हे.

पीएचपी ७.४ पर्यंत ही सूचना ‘नोटिस’ पातळीची होती. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० पासून ती ‘वॉर्निंग’ झाली. होस्टिंगवरची आवृत्ती बदलताच जुन्या साइटवर सूचनांच्या रांगा दिसू लागतात त्या यामुळेच. कोडमधला दोष आधीपासूनचा असतो. ९.० मध्ये अशा वाचनावर थेट एरर फेकण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये मंजूर झाला आहे.

दुरुस्तीपूर्वी किंमत का मिळाली नाही हे शोधावे लागते. नावात टंकनचूक असू शकते. इंग्रजी नावांत कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी धरली जातात. किंमत फक्त ‘इफ’ या अटीच्या एका फांदीत दिली असेल, तर दुसऱ्या वाटेने गेल्यावर ती नसते. फंक्शनला (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याला) बाहेरचे व्हेरिएबल आपोआप दिसत नाही. ते आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे फंक्शनला बोलावताना कंसात, द्यावे. ‘ग्लोबल’ लिहूनही काम होते, पण किंमत कुठे बदलली ते नंतर सापडत नाही. दुसरी फाइल जोडणाऱ्या ‘इन्क्लूड’ला ती फाइल मिळाली नाही तर ते केवळ वॉर्निंग देते आणि त्या फाइलमधली सगळी व्हेरिएबल्स गायब होतात. फाइल आवश्यक असेल तर ‘रिक्वायर’ वापरावे, म्हणजे काम तिथेच थांबते.

$एकूण += $रक्कम; ही ओळ लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) असेल, तर $एकूण ला शून्य ही किंमत लूपच्या आधी द्यावी. लूपच्या आत दिली तर प्रत्येक फेरीत बेरीज पुसली जाते.

फॉर्ममधून येणारी माहिती वेगळी हाताळावी. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. तिथे ‘अनडिफाइन्ड ॲरे की’ अशी वॉर्निंग येते (ॲरे म्हणजे किमतींची यादी, की म्हणजे त्यातल्या एका किमतीचे नाव). अशा ऐच्छिक किमतीसाठी ७.० पासूनचे ?? हे चिन्ह योग्य: डावीकडची किंमत नसेल किंवा नल असेल तर उजवीकडची घेतली जाते. प्रकार मात्र ते तपासत नाही. फील्डच्या नावापुढे चौकटी कंस जोडून कोणी स्ट्रिंगऐवजी ॲरे पाठवला, तर ८.० पासून ‘ट्रिम’ हे कडेच्या मोकळ्या जागा काढणारे फंक्शन टाइपएरर (चुकीच्या प्रकाराची एरर) फेकते. म्हणून आधी ‘इज-स्ट्रिंग’ने तपासावे. आवश्यक फील्डला पर्यायी किंमत देऊच नये, फॉर्म नाकारावा.

?? किंवा ‘आयसेट’ (किंमत आहे का ते तपासणारे) सरसकट शिंपडले की टंकनचुकाही गप्प होतात. एखाद्या एक्स्प्रेशनपुढे (किंमत देणाऱ्या कोडच्या तुकड्यापुढे) @ लावणे त्याहून वाईट, कारण त्यातल्या इतर सूचनाही दबतात.

चालू साइटवर ‘डिस्प्ले एरर्स’ (सूचना पानावर दाखवणे) बंद आणि ‘लॉग एरर्स’ (त्या फाइलमध्ये नोंदवणे) चालू ठेवावे. लॉग फाइल वेब फोल्डरच्या बाहेर असावी. पानावर छापलेली वॉर्निंग सर्व्हरवरचा फाइलचा मार्ग उघड करते, जेसन (प्रोग्रामांमधील माहितीचा साचा) स्वरूपातले उत्तर बिघडवते, आणि आउटपुट बफरिंग (पान आधी साठवून मग पाठवणे) नसेल तर ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ होऊन रीडायरेक्ट व कुकी अडतात.

सुरक्षेशी या दोषाचा संबंध जुना आहे. ‘रजिस्टर ग्लोबल्स’ ही जुनी सेटिंग चालू असताना वेबपत्त्यातला मजकूर थेट व्हेरिएबल बनत असे. $परवानगी ला सुरुवातीची किंमत नसेल तर कोणीही ती बाहेरून भरू शके. ही सोय २००२ मध्ये ४.२.० पासून मूळ सेटिंगमध्ये बंद झाली आणि २०१२ मध्ये ५.४ मधून काढली गेली. पोस्ट ॲरेवर (फॉर्ममधून आलेल्या माहितीवर) ‘एक्स्ट्रॅक्ट’, म्हणजे ॲरेतल्या नावांची व्हेरिएबल्स बनवणारे फंक्शन, चालवले, तर तेच भगदाड आजही पडते.

जुना कोड मोठा असेल तर पीएचपीस्टॅन हे साधन स्क्रिप्ट न चालवताच तपासणी करते; तिच्या काटेकोरपणाच्या पातळ्या ० पासून वाढत जातात. पातळी ० वर कधीच किंमत न मिळणारी, पातळी १ वर काही वाटांनीच किंमत मिळणारी व्हेरिएबल्स सापडतात. ‘इफ’च्या फांद्यांतले दोष दुसऱ्या प्रकारात मोडतात, म्हणून किमान पातळी १ लावावी.