नांगर न लावता वन्यजीवांसाठी चारा

जंगलाच्या कडेला किंवा झाडीतल्या मोकळ्या तुकड्यात हरणं, ससे, रानपक्षी यांच्यासाठी मुद्दाम पेरलेला हिरवा पट्टा म्हणजे चारापट्टा. उत्तर अमेरिकेत ही पद्धत चांगलीच रुळली आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणांना हिवाळ्याच्या तोंडावर सकस खाणं मिळावं, रानटर्कीच्या पिलांना हिरवळीत किडे टिपता यावेत, यासाठी क्लोव्हर (तीन पानांचा द्विदल चारा), ओट, राय (गव्हासारखं एक तृणधान्य), सलगम असं काहीबाही तिथे पेरलं जातं. पेरण्याआधी बहुतेक जण शेतात करतात तेच करतात: नांगरट, कुळवणी, ढेकळं फोडून भुसभुशीत माती. पण नांगराची गरज सगळ्यांत कमी असलेली जमीन कुठली असेल, तर ती हीच.

शेतकऱ्याला एकसारखं पीक हवं असतं. ते एकदम उगवावं, एकदम पिकावं, यंत्राने कापता यावं, आणि त्यात तण दिसू नये. हरणाची अशी कोणतीच अट नसते. ते चालता चालता इथलं पान खुडतं, तिथला कोवळा शेंडा तोडतं. आपण ज्यांना तण म्हणून उपटतो त्यांतल्या कित्येक रुंद पानांच्या वनस्पती त्याच्या रोजच्या आहारातल्याच असतात. त्यामुळे पट्ट्यात दहा-वीस टक्के जागा रानवनस्पतींनी घेतली तर बिघडत काहीच नाही.

नांगर तणांचा नायनाट करतो, हा समज तर उलटाच करून पाहायला हवा. मातीत तणांच्या बियांचा मोठा साठा वर्षानुवर्षं पडून असतो. तो किती काळ तग धरतो हे पाहण्यासाठी विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली मिशिगनमध्ये वीस बाटल्यांत ओलसर वाळू आणि त्यात तणांच्या बिया घालून त्या पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून बिया उगवतात का हे पाहायचं, अशी ती योजना आजही चालू आहे. २०२१ साली एक बाटली उकरली, तेव्हा सुमारे १४० वर्षं पुरलेल्या बियांपैकी काहींना कोंब फुटले. हे उकरण्याचं काम मुद्दाम पहाटेच्या अंधारात केलं गेलं, कारण बियांना वेळेआधी उजेड दिसू द्यायचा नव्हता.

अंधाराची ही काळजी कशासाठी, हे कळलं की नांगरटीचा तोटाही लक्षात येतो. बारीक बी फार खोलवरून उगवलं तर वर पोचण्याआधीच त्याची शिदोरी संपते. म्हणून अशा अनेक बिया उजेडाची वाट पाहतात. त्यांच्यात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. लाल प्रकाश मिळाला की ते ‘उगव’ असा इशारा देतं आणि अतिलाल, म्हणजे लालच्या पलीकडच्या प्रकाशात तो इशारा मागे घेतं. बराच काळ पुरलेली काही बियाणी इतकी संवेदनशील होतात, की सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता सूर्यप्रकाशही त्यांना पुरतो. नांगराच्या फाळाने माती उलटते, बी क्षणभर उघड्यावर येतं, पुन्हा झाकलं जातं. तेवढ्यात निरोप पोचलेला असतो. नांगरल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तणांचा जो गालिचा उठतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे. उलट, वर पानांची दाट छाया असेल तर पानं लाल प्रकाश शोषून घेतात, अतिलाल खाली झिरपू देतात आणि खालच्या बिया झोपूनच राहतात. माती न हलवणं हाच तणांवरचा पहिला उपाय आहे, तो यासाठी.

शेतीत हा विचार रुजायला फार मोठी किंमत मोजावी लागली. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात गवताळ जमीन नांगरून उघडी टाकली होती. दुष्काळ पडला आणि ती माती वाऱ्यावर उडून गेली. पुढे १९६२ साली केंटकीतल्या हॅरी यंग या शेतकऱ्याने एकराहून कमी जागेत न नांगरता मका लावला आणि तो तुकडा पाहायला लोक लांबून येऊ लागले. चारापट्टे तर बरेचदा उतारावर, पातळ मातीच्या जंगली जागेवर असतात. तिथून वाहून गेलेला एक सेंटिमीटर थर पुन्हा तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

आता प्रत्यक्ष पेरणी. शून्य मशागतीत, म्हणजे माती न हलवता पेरताना, मातीचं काम उभ्या वनस्पतींकडून करून घ्यायचं असतं. जागेवर कमरेइतकं गवत किंवा आधी मुद्दाम पेरलेली राय उभी आहे असं समजा. पाऊस येणार अशी चिन्हं दिसली की त्या उभ्या हिरवळीतच बी फोकायचं आणि मग वरची हिरवळ कापून किंवा लोळवून त्या बियांवर पाडायची. एवढंच. मात्र आधी बी, मग कापणी, हा क्रम उलटा करू नये. आधी कापलं तर बी आच्छादनावर लटकून राहतं. मातीला टेकत नाही आणि पहिल्या उन्हात वाळतं.

पावसानंतर आठवड्याभराने हे आच्छादन हाताने हळूच उचलून पाहावं. खालची माती ओलसर आणि गार असते, वाफसा टिकलेला असतो. क्लोव्हरचं बी मोहरीपेक्षाही लहान. पांढऱ्या क्लोव्हरच्या एका किलोत पंधरा लाखांहून जास्त दाणे भरतात. त्यातून निघालेलं धाग्याएवढं पांढरं मूळ जुन्या मुळाच्या पोकळीत किंवा गांडुळाच्या बिळाच्या तोंडाशी शिरलेलं दिसतं. नांगराने जे करायचं ते काम तिथे आधीच झालेलं असतं. खोल जाणारी काही गांडुळं मीटरभर उभी बिळं करतात. पावसाचं पाणी त्यांतून सरळ खाली उतरतं. रोटाव्हेटरच्या एका फेरीत ही बिळं तुटतात, मातीचे कण मोकळे होतात आणि पहिल्याच जोरदार सरीत वर कडक पापडी धरते.

कोणतं बी यात चालतं? साधारणपणे बारीक बी. क्लोव्हर, चिकोरी, सलगम, मोहरीवर्गीय चारा हे अर्धा सेंटिमीटर खोलीलाच खूश असतात. राय, गहू, ओट ही धान्यं थोडं दाट फोकली तर तीही धरतात. वाटाणा, सोयाबीन, मका यांना मात्र भरपूर पाणी शोषल्याशिवाय अंकुर येत नाही. ती पृष्ठभागावर फुगतात, पुन्हा सुकतात, किंवा पक्षी टिपतात. त्यांच्यासाठी शून्य मशागतीचं पेरणीयंत्र असेल तरच नादी लागावं. हिमप्रदेशात आणखी एक सुरेख युक्ती आहे. हिवाळा सरताना जमीन रात्री गोठते, दिवसा वितळते, तिला बारीक भेगा पडतात. त्या दिवसांत क्लोव्हर नुसतं भुरभुरलं तरी मातीच ते आत ओढून घेते.

आच्छादन किती आणि कशाचं, यावर बरंच अवलंबून असतं. मातीतल्या सूक्ष्मजीवांना साधारण २४ भाग कर्बाला १ भाग नत्र असं खाद्य मानवतं. वाळलेल्या रायच्या काडात हे प्रमाण ८० च्या घरात जातं, म्हणून ते सावकाश कुजतं, बराच काळ जमीन झाकून ठेवतं, पण कुजताना मातीतलं नत्रही ओढून घेतं. व्हेचसारख्या द्विदल पिकात ते ११ च्या आसपास असतं, त्यामुळे ते महिन्या-दोन महिन्यांत विरून खत होऊन जातं. दोन्ही एकत्र पेरणं शहाणपणाचं. राय लोळवून मारायची असेल तर ती फुलोऱ्यात येईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर चार दिवसांत ती पुन्हा मान वर काढते. हा दिवस साधला तर तणनाशकाची गरज बरीच कमी होते. न नांगरण्याचा हट्ट धरून दरवर्षी पट्टा तणनाशकाने जाळणं मला पटत नाही. जिथे गाठीमुळांचं हट्टी बारमाही तण आहे तिथे एखाद्या वेळचा वापर समजू शकतो.

अडचणीही आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. ओलसर आच्छादनाखाली बिनशंखाच्या गोगलगायी पोसल्या जातात आणि कोवळी रोपं एका रात्रीत फस्त करतात. जिथे कापलेल्या गवताचे ढीग पडतात तिथे खालचं बी गुदमरतं, म्हणून ते हाताने पसरावे लागतात. सामू, म्हणजे माती किती आम्ल आहे याचं माप, हा सगळ्यांत चिवट प्रश्न. क्लोव्हरच्या मुळांवर नत्र बांधणारे जिवाणू फार आम्ल मातीत नीट काम करत नाहीत आणि वर टाकलेला चुना खाली फार हळू उतरतो. त्यामुळे माती तपासून पेरणीच्या निदान सहा महिने आधी चुना द्यावा. माती फारच आम्ल असेल तर सुरुवातीला एकदाच चुना मिसळून घेण्यापुरती मशागत करायला माझी हरकत नाही. ती दरवर्षी करायला आहे.

चाऱ्याभोवती जनावरं दाटीने जमली की रोग पसरतो, हेही विसरून चालणार नाही. उत्तर अमेरिकेत हरणांना होणारा एक प्राणघातक मेंदूविकार प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होतो आणि ही प्रथिनं मातीत वर्षानुवर्षं टिकतात. एका मोठ्या पट्ट्यापेक्षा दूरदूरचे चार लहान तुकडे बरे.

पट्टा जमला की नाही हे वरवर पाहून कळत नाही. हिरवळ घोट्याएवढीच दिसली की लोक म्हणतात, उगवलंच नाही. म्हणून पेरतानाच मीटरभर रुंदीचं जाळीचं कडं एका जागी रोवावं. दोन महिन्यांनी कड्याच्या आत क्लोव्हर गुडघ्याला टेकलेलं आणि बाहेर बोटभर असेल, तर बाहेरचं सगळं पोटात गेलेलं आहे. आत-बाहेर दोन्हीकडे सारखंच खुरटलेलं असेल तर दोष मातीत किंवा पेरणीत शोधावा.

पुढच्या हंगामात तिथे पुन्हा तेच पेरू नये. मोहरीवर्गीय पिकं मायकोरायझा बुरशीशी नातं जोडत नाहीत. सलग दोन-तीन वर्षं नुसतं सलगमच लावलं तर मुळांना स्फुरद आणि पाणी पुरवणारं बुरशीचं जाळं उपाशी पडतं. सलगमाच्या जोडीला पेरतानाच थोडी राय आणि क्लोव्हर टाकलं, की हिवाळ्यात सलगम खाऊन संपल्यावरही त्या तुकड्यात जिवंत मुळं राहतात आणि ते जाळं टिकून राहतं.