स्मशानवैराग्य का टिकत नाही?

नागपुरात स्मशानाला सहसा घाट म्हणतात. वर्तमानपत्रातील निधनवार्तेच्या शेवटच्या ओळीत अंबाझरी घाट, मोक्षधाम घाट, गंगाबाई घाट यांपैकी एखादे नाव असते आणि त्याच्या शेजारी वेळ दिलेली असते. गेल्या मे महिन्यात अशीच एक ओळ वाचून मी मोक्षधाम घाटावर गेलो होतो. चितेला अग्नी दिल्यानंतर छपराखाली प्रथेप्रमाणे छोटी शोकसभा झाली, दोघेतिघे गेलेल्या माणसाबद्दल बोलले, दोन मिनिटे स्तब्धता पाळली गेली, आणि मग माणसे आपापसांत हळू आवाजात बोलू लागली. कशासाठी एवढी धावपळ करायची, कोणाशी कशाला वैर धरायचे, बरोबर काय न्यायचे आहे. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादावरून सख्ख्या भावाशी अनेक वर्षे खटला लढणारे एक गृहस्थ तेथे होते. आता तडजोड करून टाकतो, असे ते म्हणाले आणि म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. पुढच्या महिन्यातील तारखेला मात्र ते कोर्टात हजर होते. घाटावर ते खोटे बोलले असे मला त्या दिवशीही वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

या अवस्थेला मराठीत स्मशानवैराग्य असा नेमका शब्द आहे, आणि ती टिकत नाही हे त्या शब्दातच गृहीत धरलेले आहे. मरण अटळ आहे म्हणूनच माणूस जगण्याचा अर्थ शोधतो, असे आपण ऐकत आलो आहोत. पण मरणाच्या इतक्या जवळ उभे राहून झालेला निश्चय जर घरी येऊन कडुनिंबाचे पान चावेपर्यंत विरत असेल, तर ही अटळता माणसावर नेमके काय करते आणि कोणत्या परिस्थितीत करते, हा प्रश्न उरतोच. गेल्या चार दशकांत मानसशास्त्राने तो प्रयोगांच्या कक्षेत आणला आहे, आणि मिळालेली उत्तरे आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळी आहेत.

आधी या निश्चितीचे स्वरूप पाहू. लंडनमधील विमागणिती बेंजामिन गोम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये मृत्यूच्या नोंदींवरून दाखवले की प्रौढ वयात मृत्यूची शक्यता वयाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, ती ठरावीक काळाने दुप्पट होत जाते. आजच्या अनेक लोकसंख्यांमध्ये हा काळ साधारण आठ वर्षांचा आढळतो. एक लाख माणसांपैकी पुढील वर्षभरात किती जातील हे विमा कंपनीला बऱ्याच अचूकपणे सांगता येते, पण त्यांत कोण असेल हे कोणालाही सांगता येत नाही. मरणाविषयीचे आपले ज्ञान असे दुभंगलेले आहे: घटना पक्की आहे, तारीख कोरी आहे. पंचविशीतील निरोगी माणसासाठी येत्या वर्षातील धोका इतका लहान असतो की रोजच्या निर्णयांत त्याला जागाच मिळत नाही.

या ज्ञानाचा मनावर काय परिणाम होतो, याचे सर्वाधिक गाजलेले उत्तर १९८६ मध्ये जेफ ग्रीनबर्ग, टॉम पिशिन्स्की आणि शेल्डन सॉलोमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दिले. मानवशास्त्रज्ञ अर्नेस्ट बेकर यांच्या विचारावर त्यांनी मांडलेला सिद्धांत मराठीत मृत्युभय-व्यवस्थापनाचा सिद्धांत म्हणता येईल. आपण मरणार हे कळणारा प्राणी सततच्या भयाने गोठून जायला हवा होता; तसे होत नाही, कारण तो आपल्यापेक्षा अधिक टिकणाऱ्या कशाशी तरी, म्हणजे धर्म, राष्ट्र, घराणे, कला किंवा विचार यांच्याशी, स्वतःला बांधून घेतो, असे त्यांचे म्हणणे होते. हे खरे असेल तर मरणाची आठवण करून दिल्यावर माणूस आपल्या मूल्यांना अधिक घट्ट धरेल. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ॲरिझोनातील २२ न्यायाधीशांना वेश्याव्यवसायाचा आरोप असलेल्या एका स्त्रीचे कल्पित प्रकरण देऊन जामिनाची रक्कम ठरवायला सांगितली होती. त्यांपैकी काही जणांना त्याआधी स्वतःच्या मृत्यूविषयीच्या दोन प्रश्नांची उत्तरे लिहायला लावली. इतरांनी सरासरी ५० डॉलरचा जामीन ठरवला, मृत्यूविषयी लिहिलेल्यांनी ४५५ डॉलरचा.

हे आकडे वाचून कोणीही चकित होईल, आणि त्यानंतर अशा शेकडो अभ्यासांचे साहित्य तयार झाले. परंतु विज्ञानात एखादा निष्कर्ष दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतही यावा लागतो. अमेरिकेतील २१ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर या परंपरेतील एक प्रसिद्ध प्रयोग पुन्हा केला, तेव्हा अपेक्षित परिणाम दिसला नाही. काही प्रयोगशाळांनी मूळ संशोधकांचा सल्ला घेऊन तो केला होता, तरीही चित्र बदलले नाही. एका अपयशाने सगळा सिद्धांत मोडीत निघत नाही, आणि त्याचे समर्थक प्रयोगाच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतात. मला मात्र यात घाटावरच्या त्या गृहस्थांचे काहीसे स्पष्टीकरण दिसते. मरणाची नुसती आठवण हे क्षीण औषध असावे. कागदावर दोन उत्तरे लिहिणे काय किंवा जळत्या चितेसमोर तासभर उभे राहणे काय, मन हलते आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसते.

ते का परत येते, याचा एक धागा इस्राएलमधील बार-इलान विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात सापडतो. मेंदूतील चुंबकीय बदल मोजत असताना २४ जणांना पडद्यावर काही वेळा स्वतःचा आणि काही वेळा अनोळखी माणसाचा चेहरा दाखवला गेला. सोबत शब्द असत, त्यांपैकी काही मृत्यूशी निगडित. एकच चेहरा वारंवार दाखवून अचानक दुसरा दाखवला की मेंदू आश्चर्याचा एक ओळखता येणारा संकेत देतो, कारण तो सतत पुढे काय येणार याचे भाकीत करत असतो. स्वतःचा चेहरा आणि मृत्यूवाचक शब्द एकत्र आले तेव्हा मात्र हा संकेत मावळला. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की मृत्यूचा संबंध स्वतःशी जोडून भाकीत करण्याचे मेंदू टाळतो आणि ती गोष्ट दुसऱ्याच्या खात्यात ठेवतो. चोवीस ही संख्या लहान आहे, त्यामुळे हा निष्कर्ष जपून वापरायला हवा. तरीही चितेसमोर उभ्या असलेल्या माणसाला दुःख पूर्ण होते, पण मरण दुसऱ्याचे असते, हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे.

टिकणारा बदल कोठे दिसतो, हे शोधताना स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉरा कार्स्टेन्सन यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यांनी भयाऐवजी उरलेल्या वेळेकडे लक्ष वळवले. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. तुमच्याकडे अर्धा तास मोकळा आहे. तो कोणाबरोबर घालवाल? जवळच्या नातेवाइकाबरोबर, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकाबरोबर, की जिच्याशी आपले जमेल असे वाटते अशा नव्या ओळखीच्या व्यक्तीबरोबर? वृद्धांनी मोठ्या प्रमाणात नातेवाईक निवडला, तरुणांच्या निवडी विखुरलेल्या होत्या. येथवर कोणीही म्हणेल की हा वयाचा परिणाम आहे. मग तरुणांना सांगितले गेले की तुम्ही लवकरच एकटे दूरच्या गावी राहायला जाणार आहात, अशी कल्पना करा. त्यांनीही नातेवाईक निवडला. वृद्धांना सांगितले गेले की नव्या उपचारामुळे तुमचे आयुष्य २० वर्षांनी वाढले आहे, अशी कल्पना करा. त्यांच्या निवडी तरुणांसारख्या विखुरल्या. वय तेच होते, समोरचा काळ तेवढा आखूड किंवा लांब केला होता.

त्याहून बोलके उदाहरण हाँगकाँगचे आहे. जुलै १९९७ मध्ये हे शहर ब्रिटनकडून चीनकडे जाणार होते आणि अनेकांना तो एका युगाचा शेवट वाटत होता. हस्तांतर जवळ आले तेव्हा तेथील तरुणही वृद्धांसारखे जवळच्या माणसांना पसंती देऊ लागले, आणि हस्तांतरानंतर वर्षभराने दोन पिढ्यांमधला फरक पुन्हा दिसू लागला. येथे कोणीही मरणार नव्हते. म्हणजे अर्थाची मांडामांड बदलणारी गोष्ट मृत्यूचे भय नसून शेवट जवळ असल्याची जाणीव असावी. वेळ अमर्याद वाटते तेव्हा माणूस ओळखी, माहिती आणि संधी साठवतो, वेळ मोजकी वाटते तेव्हा जे आत्ताच मोलाचे आहे त्याकडे वळतो. म्हातारपणी शरीर थकत असतानाही अनेकांचे मन तरुणपणापेक्षा शांत का असते, याचेही काही उत्तर यात आहे.

नागपूरकराला येथे दीक्षाभूमी आठवल्याशिवाय राहत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. त्या प्रतिज्ञेत मुदत आहे आणि ती मुदत स्वतःच्या मृत्यूची आहे. पुढची एकवीस वर्षे अभ्यासात, चळवळीत आणि संविधानाच्या कामात गेली. प्रकृती मधुमेहाने खालावत होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी लाखो अनुयायांसह नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि ६ डिसेंबरला, म्हणजे ५३ दिवसांनी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. बुद्ध आणि धम्म यांवरील त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. एवढ्या मोठ्या निर्णयाला एखाद्या मानसशास्त्रीय सिद्धांताच्या चौकटीत बसवण्याचा माझा हेतू नाही. घाटावरचा निश्चय आणि येवल्याची प्रतिज्ञा यांतील अंतर मात्र मला महत्त्वाचे वाटते: पहिल्यात मरणाची फक्त आठवण होती, दुसरीत मरणापूर्वी करायचे एक ठरलेले काम होते.

शेवट खरोखर समोर आलेल्या माणसांबाबत आपण बाहेरचे लोक बहुधा चूक करतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असाध्य आजार झालेल्या रुग्णांनी प्रत्यक्ष लिहिलेला मजकूर, आणि आपण त्यांच्या जागी आहोत अशी कल्पना करून निरोगी लोकांनी लिहिलेला मजकूर, यांची तुलना केली गेली. निरोगी लोकांचे लेखन अधिक काळवंडलेले निघाले; रुग्ण मात्र माणसांविषयी आणि मायेविषयी अधिक लिहीत होते. कॅनडातील मानसोपचारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव यांनी अशाच रुग्णांसाठी एक उपचार तयार केला. रुग्णाला विचारले जाते की आयुष्यातला कोणता काळ सर्वांत जिवंत वाटला, कोणत्या भूमिकांचे समाधान आहे, घरच्यांना काय सांगायचे राहिले आहे. संभाषण ध्वनिमुद्रित करून, लिहून काढून, नीट करून त्याच्या हाती दिले जाते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या अभ्यासात ६७ टक्के रुग्णांनी जगण्याला अर्थ असल्याची भावना वाढल्याचे सांगितले. २०११ च्या मोठ्या, तुलनात्मक चाचणीत मानसिक क्लेशाच्या मोजमापांत इतर उपचारांच्या तुलनेत ठळक फरक आढळला नाही, पण आयुष्याच्या शेवटच्या काळाचा अनुभव सुधारला असे रुग्ण सांगत होते. क्लेश कमी न होताही अर्थ वाढू शकतो, ही शक्यता मला या दोन अभ्यासांतून दिसते आणि ती लहान नाही.

माझ्या काकांची काटोलजवळ संत्र्याची बाग होती. कर्करोग पसरल्याचे निदान झाल्यावर आम्ही पुतणे त्यांच्याजवळ आळीपाळीने बसत होतो आणि मरणाविषयी काही बोलावे की नाही याच विवंचनेत होतो. काकांनी तो विषय काढला नाही. मोबाइलवर बोलणे रेकॉर्ड करता येते का, एवढे त्यांनी एकदा विचारले, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी जमेल तितका वेळ ते बागेबद्दल बोलत गेले. कोणत्या ओळीत डिंक्या हा झाडांचा रोग पहिल्यांदा दिसला होता, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तळाला जाते, जुन्या झाडांतली कोणती काढून टाकायची आणि कोणती आणखी दोन वर्षे राखायची. आंबिया बहाराच्या फुलोऱ्यासाठी डिसेंबरात पाणी तोडून बागेला ताण किती दिवस द्यायचा, यावर ते तीन संध्याकाळी बोलले, कारण त्यांच्या शेताचा वरचा तुकडा हलक्या जमिनीचा होता आणि खालचा भारी काळ्या जमिनीचा. वरच्याला थोडे दिवस पुरतात, खालच्याला जास्त लागतात, आणि दोन्हीकडे दिवस मोजण्यापेक्षा पानांकडे पाहायचे, असे ते पुन्हापुन्हा सांगत. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरी करत होता आणि शेती करेल असे कोणालाही वाटत नव्हते. काका नोव्हेंबरात गेले. डिसेंबरात तो सुट्टी काढून आला, मोबाइल कानाला लावून बागेतून फिरला, आणि खालच्या तुकड्याचे पाणी त्याने पाने मलूल होईपर्यंत सुरू केले नाही.