बुजवलेल्या खाणीच्या तोंडामागचा इतिहास

सोलापूरजवळच्या होटगीच्या फाटकावर मालगाडी आडवी आली की गाडी बंद करून वाघिणी मोजायचा नाद आमच्याकडे लहानथोर सगळ्यांनाच. पन्नाशी ओलांडली आणि वर काळे ढीग दिसले की कोळसाच, फताटेवाडीला चाललेला. तिथल्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. सोलापूरला कोळसा तसा नवा नाही. १८७७ साली उभ्या राहिलेल्या जुन्या मिलच्या चिमणीनं तो भरपूर पाहिला. खाण मात्र इथल्या कुणी पाहिलेली नसते. आपल्या पायाखालचा खडक काळा असला तरी तो बेसॉल्ट.

म्हणून कोळसा काढून झाल्यावर मागं काय उरतं, हा प्रश्न इथं सहसा कुणी विचारत नाही. उरतात भोकं, पाणी, वायू आणि दगडमातीचे ढीग.

बंगालात राणीगंजला १७७४ मध्ये इंग्रजांनी खाणकाम सुरू केलं. आपल्याकडे चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर भागात वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ पर्यंत चालली. आज वरोरा म्हटलं की आनंदवनच आठवतं. त्या काळची रीत सरळ होती. छत धरून ठेवायला कोळशाचेच खांब सोडायचे, मधला माल काढायचा, संपला की पुढं जायचं. मागच्या पोकळीत पाणी साठतंय की वायू, ही पुढच्याची काळजी. नकाशे कधी अर्धवट, कधी चुकीचे.

झारखंडमधल्या झरियात १९१६ मध्ये आग लागल्याची पहिली नोंद झाली आणि तिथली जमीन अजून धुमसतेय. कोळशाला पेटायला काडी लागत नाही. फटींतून हवा आत जाते, कोळसा तिच्याशी संयोग पावून तापत राहतो आणि एक दिवस भडकतो. उपाय एकच, हवा तोडायची. त्यासाठी बोगद्यात ‘स्टॉपिंग’, म्हणजे वाट बंद करणारी भिंत बांधतात. ही साधी भिंत नसते. छत, जमीन आणि दोन्ही बाजूंचा कोळसा खणून ती आत रोवतात, कारण वरवर टेकवलेल्या भिंतीच्या कडेनं हवा बिनबोभाट आत शिरते. छातीच्या उंचीवर तोटीची एक नळी, आतल्या हवेचा नमुना घ्यायला. तळाशी दुसरी, वाकडी, पाणी बाहेर पडेल पण हवा आत जाणार नाही अशी. नमुन्यात कार्बन मोनॉक्साइड वाढत असेल तर आत आग जिवंत आहे. मिथेनचं गणित वेगळं: हवेत ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीला स्फोट.

एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. बंद केलेली खाण श्वास घेते. पावसाआधी बाहेरचा दाब उतरला की आतला वायू भिंतीच्या बारीक फटींतून कामाच्या बोगद्यात येतो; दाब चढला की हवा आत ओढली जाते. म्हणून खाणीत वायुदाबमापकावर नजर ठेवावी लागते.

पाण्यानं मात्र अशी चाहूल दिली नाही. १० डिसेंबर १९५४ ला छिंदवाड्याजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ जण गेले. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाल्यात जुन्या कामात, म्हणजे कोळसा काढून सोडून दिलेल्या भागात साठलेलं पाणी खालच्या खाणीत फुटलं; ३७५ माणसं गेली. पाणी भरलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत जायचं तर परवानगी घ्यायची, पुढं भोकं पाडत चाचपत जायचं, असं नियमावली सांगते. पण हे अंतर मोजायला जुना नकाशा खरा असावा लागतो.

हे वाचताना आमच्याकडचे कोरडे बोअर आठवतात. बांधावर सहा-साडेसहा इंची भोक, वर खताचं पोतं, पोत्यावर दगड. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असे बोअर तळापासून तोंडापर्यंत भरायला सांगितलं. पोतं तिथंच आहे.

आता राखेचं. आपला शंभर टन कोळसा जाळला की तीस-चाळीस टन राख उरते. पूर्वी खाणीची पोकळी भरायला नदीची वाळू पाण्याबरोबर आत सोडत. वाळूची ओढाताण सुरू झाली तसा राखेचा विचार पुढं आला. १९९९ च्या अधिसूचनेनं राख वापरण्याची सक्ती आली, २०२१ मध्ये ती आणखी आवळली गेली. रिकाम्या खाणी भरणं हा त्यातला एक मान्य मार्ग. पण फताटेवाडीची राख चंद्रपूरपर्यंत नेण्याचा खर्च बघता होटगी परिसरातले सिमेंट कारखाने आणि वीटभट्ट्याच तिला जवळच्या.

खाण उघडण्याआधीच ती बंद कशी करणार हे लिहून द्यायचं, त्यासाठी दरवर्षी पैसे बाजूला टाकायचे, ही पद्धत केंद्राच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी आली. त्याआधीच्या खासगी खाणी १९७१ ते १९७३ दरम्यान सरकारकडे आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत असा एक रुपयाही आला नव्हता. आली ती भोकं आणि ते नकाशे.