पक्षिवलयांकन

पक्ष्याच्या पायात क्रमांक कोरलेली हलकी धातूची कडी बसवून त्याला पुन्हा सोडून देण्याची पद्धत. पक्षीनिरीक्षकांच्या बोलण्यात ‘रिंगिंग’ हाच शब्द रुळला आहे. थव्यातला एकच पक्षी ओळखता यावा, तो कुठून आला आणि किती वर्षे जगला हे कळावे, यासाठी ही खटपट.

डेन्मार्कमधील शिक्षक हान्स मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये तेलिया मैनांना ॲल्युमिनियमच्या कड्या घातल्या. तिचीच भाऊबंद भोरडी साताऱ्यातल्या खटाव-माणच्या शेतकऱ्याला नको तितकी ओळखीची. बाजरी कणसात आली की गोफण बाहेर निघते ती तिच्यासाठी. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या पुढाकाराने १९५९ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. त्याला जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला, पण पक्षीप्रेमापोटी नव्हे. पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून रोग पसरतो का, हे तिला पाहायचे होते.

पाऊस ओसरला की, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, उत्तरेकडचे पाहुणे येऊ लागतात. मायणी, येरळवाडीसारख्या तलावाकाठी वलयांकन करायचे तर तांबडे फुटण्याआधीच दोन काठ्यांमध्ये केसासारख्या बारीक धाग्याचे जाळे ताणावे लागते. जाळ्याकडे ठरावीक वेळाने फेरी मारणे चुकवता येत नाही. ऊन, पाऊस वा वारा वाढला तर जाळे गुंडाळायचे. अडकलेला धोबी पक्षी सोडवून कापडी पिशवीत ठेवतात आणि पिशवीसकट तोलतात. मग त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटात अलगद धरून पंख मोजतात, गळ्याजवळची पिसे फुंकरीने बाजूला करून कातडीखालची चरबी पाहतात. प्रवासाची शिदोरी किती उरली, ते या चरबीवरून कळते. शेवटी पायाच्या जाडीची कडी पकडीने मिटवायची; ती सैलसर फिरली पाहिजे, पण निसटता कामा नये. कडी घालण्यापेक्षा जाळ्यातून पाय न दुखवता सोडवण्यातच खरे कसब आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे परवानगीशिवाय पक्षी धरताच येत नाही.

कडीचे पक्षी पुन्हा हाती लागतात ते फार थोडे. म्हणून पट्टकादंबासारख्या मोठ्या पक्ष्यांच्या गळ्यात ठळक अक्षरांचा पट्टा घालतात. मंगोलियात घातलेले असे पट्टे दक्षिण भारतात दुर्बिणीतून वाचले गेले आहेत. सूर्याचीवाडीच्या तलावावर हे कादंब उतरले की आधी त्यांचे गळे पाहावेत. मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडी दिसली तर तिचा क्रमांक, तारीख आणि ठिकाण सोसायटीला कळवावे. पक्षी जिवंत असेल तर क्रमांक टिपावा, कडी काढू नये.